आमच्या घरच्या गिन्न्या

शाळेत असताना 'गिनी' या शब्दाने मला फार छळलं. नकाशात आफ्रिकेच्या काखेत एक गिनी होता, त्याला चिकटून गिनी-बिसाऊ, जरा खाली इक्वेटोरियल गिनी, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून पार ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर पापुआ न्यू गिनी. भूगोलाचे सर एकेकाला उभं करून गिनी दाखवायला लावायचे आणि कुठेही बोट ठेवलं तरी "हा नाही, दुसरा" म्हणायचे. विज्ञानाच्या पुस्तकात गिनी पिग होतं, ते तर ना गिनीतलं ना डुक्कर. माझे वडील कागद कारखान्यात होते. महाराष्ट्रातून नोकरीसाठी मध्य प्रदेशात आलेल्या कुटुंबांच्या कॉलनीत आम्ही वाढलो. वडिलांनी मला एकदा समजावून सांगितलं, की इंग्रजांचं एक सोन्याचं नाणं होतं, आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरून आणलेल्या सोन्याचं, म्हणून त्याला गिनी म्हणायला लागले. नाणं कधीच बंद पडलं, नाव तेवढं उरलं. मला वाटलं, शाळा सुटली की हा शब्दही सुटेल. मग माझं लग्न बुऱ्हाणपूरला झालं.

सासर केळीवाल्यांचं. घर शेतातच, तापीच्या पलीकडे. पूल ओलांडून राजघाटाकडे वळलं की गाव. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे कुणाला तरी ओरडून म्हणाले, "गिन्नी कापून आण!" मी दचकले. आदल्या दिवशीच मला घरातली सोन्याची गिन्नी दाखवली होती, आणि ती कापायची म्हणजे घरावर काय संकट आलं असावं ते कळेना. थोड्या वेळाने गडी गवताचा भारा घेऊन आला. विहिरीजवळ माणसाच्या उंचीएवढं वाढणारं ते गवत, म्हशीचा चारा, त्याचं नाव गिन्नी.

पुढे गोठ्यामागे ठिपक्या-ठिपक्यांच्या कोंबड्या आल्या. साप आला की ओरडतात म्हणून सासऱ्यांनी कुठूनशा आणल्या. त्या साप आला की ओरडतात हे खरं, पण पोस्टमन आला, ढग आला, पान पडलं तरी तेवढ्याच जोरात ओरडतात. त्यांचं नाव गिनी कोंबडी. मग माझी मुलगी झाली. बारशाला आत्याने तिच्या कानात एक चांगलं, पुस्तकी नाव सांगितलं. ते सांगून होईपर्यंत सासऱ्यांनी पाळण्यात डोकावून "माझी गिन्नी" म्हटलं, आणि पुस्तकी नाव शाळेच्या दाखल्यापुरतं राहिलं. परिणाम असा, की आमच्या घरात कुणी "गिन्नी कुठाय?" असं विचारलं तर उत्तर देण्याआधी विचारावं लागतं, सोन्याची, हिरवी, ठिपक्यांची की कॉलेजात जाणारी?

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. घरात एवढ्या गिन्न्या झाल्या त्याचं खरं कारण, बाबांना नवीन नावं सुचत नाहीत. म्हशीचंच बघा. माझ्या येण्याआधीपासून गोठ्यात किती म्हशी आल्या आणि गेल्या, पण प्रत्येकीचं नाव तेच. एक गेली की दुसरीला तेच चिकटवायचं. ते नाव मी इथे लिहीत नाही. या लेखात घरातल्या कुणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरवलंय, मग त्या बिचारीने काय घोडं मारलंय? एवढंच सांगते, की संध्याकाळी धार काढायच्या वेळी बाबा तिला जी हाक मारतात तशी गोड हाक त्यांनी कुणाही माणसाला मारलेली मी ऐकली नाही. आम्हा सगळ्यांना ते "अरे ए" म्हणतात. सासूबाईंना, म्हणजे आईंना, तेही नाही. नुसतं घसा खाकरतात, आणि आईंनी समजून घ्यायचं.

आई मात्र म्हशीला कधी नावाने बोलवत नाहीत. "ए म्हशे", "हट काळे", बस. आंबोण त्याच देतात, पाणी त्याच दाखवतात, आजारी पडली तर रात्रभर शेजारी बसतात, पण नाव घ्यायचं नाही. आईंचा स्वभावच रोकडा, असं मी समजत होते.

आता खऱ्या गिन्नीबद्दल. जाणकार म्हणतील, ही गिनी नव्हेच, हा इंग्रजांचा पौंड. असेल. आमच्याकडे चार पिढ्या तिला गिन्नी म्हणतात, आणि इतक्या लोकांना आता दुरुस्त कोण करणार? तिच्या एका बाजूला दाढीवाल्या राजाचं डोकं आहे. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर आणि घोड्याच्या टापांखाली एक राक्षस. आता घोडा, तलवार आणि पायाखाली राक्षस म्हटल्यावर खंडोबाशिवाय दुसरं कोण असणार? त्यामुळे ती गिन्नी देव्हाऱ्यात असते, आणि चंपाषष्ठीला तिला भंडारा वाहून वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवतात. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, "आई, या खंडोबाच्या अंगावर कपडेच नाहीत." आईंनी नाणं डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "घाईत निंघाले असतीन." राक्षस मारायचा म्हणजे घाई असणारच.

पण गिन्नीचं खरं काम लग्नात. नवी सून घरात आली की परातीत हळदीकुंकवाचं पाणी करायचं, आणि इतर लोक त्यात अंगठी टाकतात तिथे आम्ही गिन्नी टाकतो. नवरा-नवरीने हात घालून शोधायची. तीनदा खेळायचं, ज्याला जास्त वेळा मिळेल त्याचं घरात चालणार. सगळीकडे हा घटकाभराचा खेळ असतो, हसतात आणि विसरतात. आमच्या बाबांनी तो कायदा करून टाकला. पन्नास वर्षांपूर्वी ते जिंकले, आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वादाचा शेवट एकच. विहिरीजवळच्या तुकड्यात आईंना भाजीपाला लावायचा होता, बाबांना गवत. "गिन्नी कोनं काढली व्हती?" झालं, गवत लागलं. त्या ठिपकेवाल्या कोंबड्या आणू नका म्हणून आई दोन दिवस जेवल्या नाहीत. "गिन्नी कोनं काढली व्हती?" कोंबड्या आल्या. आमच्या घरच्या सगळ्या गिन्न्या त्या एका गिन्नीच्या पोटच्या आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

आणि त्या जिंकण्यातही मेख होती. आमच्याकडे परात धरते नवऱ्याची बहीण. गिन्नी पाण्यात तीच टाकते. बाबांची बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, गावातल्या राजपुऱ्यात दिलेल्या. आईंचं म्हणणं असं, की नणंदेने गिन्नी पाण्यात टाकलीच नव्हती, सरळ भावाच्या मुठीत दिली होती. "मी आपली परातीत हात फिरवून राह्यली, आन पाण्यात काहीच नाई." आतेसासूबाई हे कबूलही करत नाहीत आणि नाकारतही नाहीत. विषय निघाला की त्यांना एकदम देवळात जायचं आठवतं.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. घरात बेत सुरू झाले. आमच्या ह्यांचं म्हणणं लॉन घेऊ, स्टेजवर त्या राजाराणीच्या खुर्च्या ठेवू. माझी मुलगी म्हणाली, "आजी, केक तो बनता है यार! पन्नास म्हणजे गोल्डन आहे, मैं रील पण बनवते." आई बट्टीचं पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काई नको. केक नको, हार नको. मले परात पाह्यजे."

कुणालाच कळेना.

"परात मांडा, हळदीचं पाणी करा, आन गिन्नी टाका. मले पुन्हा खेळायचं हाय."

बाबा ओट्यावर बसून विडी शोधत होते. ते म्हणाले, "झालेला फैसला झाला. आता कायले?" पण त्यांचा आवाज जरा पडला होता, आणि ते आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. माझी मुलगी लगेच म्हणाली, "दादाजी डर गये!" मग माघार घ्यायला बाबांना जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी गवत कापताना मी आईंना विचारलं, जिंकून काय करणार? गवत काढून भाजी लावणार? कोंबड्या विकणार? आता वयाच्या सत्तरीत कुणावर राज्य करायचंय?

आईंनी विळा थांबवला. "मले माह्यं नाव पाह्यजे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांचं नाव बदललं. तेव्हा सगळ्यांचीच बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहायचं, आणि आमच्याकडे तेही या गिन्नीच्याच काठाने. नवं नाव नणंदेच्या पसंतीचं होतं. बाबांनी उखाण्यात ते एकदा घेतलं, तेवढंच. पुढे तेही कुणी घेतलं नाही. आधी सूनबाई, मग अमक्याची आई, आता गिन्नीची आजी. माहेरचं नाव घेणारे आई-वडील गेले, मग भाऊ गेले. शेवटचा भाऊ जायच्या आधी दवाखान्यात त्याने त्यांना त्या नावाने हाक मारली होती.

"आता त्या नावानं मले वयखणारं कोनीच नाई," आई म्हणाल्या. "यायले मालूम हाय, पन हे कधी घेत नाई. मी जितली ना, तं एक बार मले त्या नावानं बोलवायले लावीन. सगळ्यायसमोर."

मला रडू आलं. मी विचारलं, "काय नाव हो, आई?"

"जितल्यावर आयकजो," म्हणाल्या, आणि विळा चालू केला. त्यांनी मला वचन द्यायला लावलं की हे कुणाला सांगायचं नाही. मी फक्त एवढाच विचार करत राहिले, की ज्या बाबांना घरातल्या चार वस्तूंना चार नावं ठेवता येत नाहीत, त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं नाव आठवत असेल? आई जिंकल्या आणि बाबा नुसतेच खाकरत बसले तर? हरण्यापेक्षा ते वाईट. त्या धास्तीने मला चार दिवस नीट जेवण गेलं नाही.

परात कोण धरणार यावरून पहिली ठिणगी पडली. आतेसासूबाई राजपुऱ्याहून शनवाऱ्यातल्या हलवायाकडची दराब्याची मिठाई घेऊन, नवी साडी नेसून, परात धरायच्याच तयारीने आल्या होत्या. आईंनी दराबा ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी पाव्हन्या. परात सून धरीन." आतेसासूबाई म्हणाल्या, "रीत हाय!" आई म्हणाल्या, "रीत पाह्यली म्या तुमची." मग आतेसासूबाईंना देवळात जायचं आठवलं, पण भावकी जमली होती, वरण-बट्टीचा वास सुटला होता, त्यामुळे गेल्या नाहीत.

अशी मी पंच झाले. बाबांनी मला गोठ्याकडे बोलावून हळूच सांगितलं, की विहिरीवरची जुनी मोटार बदलून पाहिजे होती ना तुला, तर बघू. मी म्हटलं, "बाबा, पंचाला लाच?" ते म्हणाले, "लाच नाई, आशीर्वाद." मी मनातून पूर्णपणे आईंच्या बाजूची होते. पंच कुणाच्याच बाजूचा नसतो असं ज्याने लिहिलंय त्याच्या सासूने त्याला आपलं नाव सांगायचं कधी राखून ठेवलेलं नसणार.

अंगणात परात मांडली. आई एका बाजूला पाटावर, बाबा दुसऱ्या बाजूला. त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांना स्टूल. पाणी पिवळंलाल झालं. देव्हाऱ्यातून गिन्नी आणली, आईंनी खंडोबाला नमस्कार केला, बाबांनी राजाला केला की कुणाला ते कळलं नाही, कारण त्यांच्या बाजूला डोकं होतं.

पहिल्या वेळी मी गिन्नी आईंच्या बोटांजवळ सोडली. आईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. "मदोमद टाक. असं जितून काय करू?" पुन्हा टाकली, मधोमध. बाबांनी आपला रुंद पंजा परातभर पसरला आणि आईंचा हात पोचायच्या आत गिन्नी उचलली. भावकीतल्या पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. आतेसासूबाई म्हणाल्या, "पाहा! आता मी कुठं व्हती?" पन्नास वर्षांत त्यांना पहिल्यांदाच एवढं मोकळं वाटलेलं दिसत होतं.

दुसऱ्या वेळी आईंनी पदर खोचला. त्यांनी डोळे मिटले. परातीच्या तळाशी बोटांची टोकं हलकी टेकवून त्या हात फिरवत होत्या. डाळ धुताना त्या अशाच खडा शोधतात. बाबा पाणी ढवळत राहिले आणि आईंनी गिन्नी वर काढली. माझी मुलगी मोबाईल टाकून नाचायला लागली.

तिसऱ्यांदा टाकली तेव्हा अंगण शांत होतं. गोठ्यामागच्या कोंबड्यासुद्धा ओरडत नव्हत्या, आणि हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. दोघांचे हात पाण्याखाली. बाबांच्या कपाळावर घाम. एकदा वाटलं बाबांना लागली, ते मूठ वळवायला गेले, पण आईंची दोन बोटं त्यांच्या तळव्याखालून सरकली आणि बाहेर आली ती गिन्नी घेऊनच. कोपरापासून हळदीचं पाणी ठिबकत होतं. आई हसल्या नाहीत. त्यांनी गिन्नी पदराला पुसली, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आता माह्यं चालन ना?"

बाबा म्हणाले, "चालन. बोल. गवत काढू?"

"गवत राहू द्या. मले माह्या माहेरच्या नावानं हाक मारा."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या आईला दुसरं काही नाव होतं, हे त्यांना आज कळत होतं. बाबा खाली बघत बसले. ओल्या हाताने त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आतेसासूबाई म्हणाल्या, "त्याले कुठून याद राहीन? नाव बदललं तं पन्नास वर्सं झाली."

बाबा म्हणाले, "याद राहायले काय झालं? रोज तं मारतो हाक."

"म्हशीले!" आई एवढ्या जोरात ओरडल्या की कोंबड्या सुरू झाल्या. "म्हशीले मारता! माह्यं नाव म्हशीले देलं, आन पन्नास वर्सं गोठ्यातून आयकवलं! कोनी देखलं का असं मानूस?"

माझ्या लग्नापासून मी ते नाव रोज ऐकत होते. मी स्वतः ते नाव घेऊन म्हशीला हाकललं होतं, ओरडले होते, आणि आई तिथेच उभ्या असत. त्या हाकेला त्यांची मान कधी वळली असेल का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाबा हळू आवाजात बोलायला लागले. त्यांच्या वडिलांसमोर बायकोचं नाव घ्यायची सोय नव्हती. नवं नाव त्यांना आवडलं नव्हतं. बहिणीपुढे कोण बोलणार? लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नाव त्यांनी ऐकलं होतं, आणि मळ्यात एकटे असताना ते म्हणूनही पाहिलं होतं. त्याच उन्हाळ्यात पहिली म्हैस आली. "तिले ठेवलं," ते म्हणाले. "येवढं चांगलं नाव वाया कसं जाऊ द्याचं? म्हशीले मारली तं बापही काई बोलत नव्हता. तू घरातून आयकतच व्हती. मले वाटलं, तुले समजलं."

"मले वाटलं तुमी चिडवता," आई म्हणाल्या.

"इतकं गोड कोनी चिडवते का?"

आईंनी पदराने तोंड पुसलं. हळद लागून त्यांचं तोंड पिवळं झालं. "मंग मारा आता," त्या म्हणाल्या. "माह्याकडे पाहून."

बाबांनी घसा खाकरला. सवयच ती. मग त्यांनी आईंकडे पाहून, संध्याकाळच्या त्याच सुरात, ते नाव घेतलं. आईंनी "ओ" म्हटलं, आणि त्याच क्षणी गोठ्यातून म्हैस रेकली.

हसता हसता पुरेवाट झाली. आतेसासूबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. आई मात्र गंभीर. "हे चालनार नाई," म्हणाल्या. "एका नावाच्या दोघी नको. तिले दुसरं ठेवा."

बाबांनी बराच वेळ विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "गिन्नी?"

माझी मुलगी पाय आपटत म्हणाली, "दादाजी, सीरियसली?" पण ठरलं तेच. म्हशीला अजून ते कळलेलं नाही, ती जुन्या नावालाच कान हलवते.

आता रोज सकाळी चहाच्या वेळी बाबा ओट्यावरून आईंना नावाने हाक मारतात. आई चुलीपाशीच असतात, दोन हातांवर. पण पहिल्या हाकेला त्या ओ देत नाहीत. एकदा मी म्हटलं, "आई, बाबा बोलावताहेत." त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली आणि दुसरी हाक येईपर्यंत थांबल्या.